थर्मोस्टॅट काढून टाकायचा नसतो, बदलायचा असतो

गाडी गरम होते म्हणून गॅरेजमध्ये नेली की आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, "कूलंट कशाला, साधं पाणी टाका." दुसरा, "थर्मोस्टॅट वॉलच काढून टाकू, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?" हा वॉल म्हणजे इंजिन आणि रेडिएटरमधल्या पाण्याच्या वाटेवरची, तापमानानुसार उघडमीट करणारी झडप. पहिल्याने रेडिएटर आणि पंप आतून गंजत जातो. दुसऱ्याने दुखणं काही दिवस झाकलं जातं आणि पुढे घाटात कधीतरी बाहेर येतं. वॉल बदलण्याचं काम मात्र इतकं साधं आहे, की छोट्या पेट्रोल गाडीवर ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळच्या दोन तासांत आटोपतं. पुढचं सगळं ७९६ सीसीच्या जुन्या पेट्रोल आल्टोवर केलेल्या कामावरून लिहितो आहे. जुन्या मारुती ८०० ला ते जवळपास तसंच लागू पडतं. इतर गाड्यांत काय बदलतं ते शेवटाकडे येईल.

आधी काढून टाकण्याच्या सल्ल्याचं बघू. इंजिन गार ठेवणं हे थर्मोस्टॅटचं काम नाही. इंजिन लवकर तापवणं आणि मग ठराविक तापमानाच्या खाली न जाऊ देणं, हे त्याचं काम. गार इंजिनाला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, जास्त पेट्रोल पाजतो. त्यातलं न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतं आणि ऑइल पातळ करतं. ऑइलमधली वाफही पुरेशी उडत नाही, म्हणून ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट साय जमते. वॉल काढलेली गाडी डिसेंबरच्या पहाटे नाशिक रस्त्यावर ताशी ऐंशीने चालवली तर तापमानाचा काटा खालच्या रेघेच्या वर यायलाच तयार नसतो. मायलेज पडतं आणि मालक पेट्रोलला दोष देतो.

दुसरा तोटा उलट्या बाजूचा आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या टोकाला आणखी एक छोटी चकती असते. वरचं तोंड उघडलं की ही चकती खालची बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी आखूड वाट बंद करते. म्हणजे एकच वॉल रेडिएटरची वाट उघडतो आणि आखूड वाट मिटतो. तो काढून टाकला की आखूड वाट कायमची उघडी राहते, आणि गरम पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरला न भेटताच पुन्हा इंजिनात शिरतो. अशी गाडी सपाट रस्त्यावर थंडगार चालते आणि खंबाटकीच्या चढाला, एसी लावून, चार माणसं बसवून नेली की पहिल्यापेक्षा जास्त तापते. तुमच्या वॉलला खालची चकती असेल तर काढून टाकण्याचा विषयच संपला.

वॉलच्या आत पितळी डबीत मेण असतं. मेण वितळताना फुगतं, दांडा ढकलतं, तोंड उघडतं. गार झालं की स्प्रिंग ते परत मिटवते. सर्जियस व्हर्नेट यांनी १९३४ साली ही मेणाची युक्ती काढली, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे. वॉलच्या कडेवर आकडा ठोकलेला असतो, ८२ किंवा ८८. त्या अंशाला तोंड उघडायला सुरुवात होते, पूर्ण उघडायला आणखी बारा-तेरा अंश लागतात. ८२ चा वॉल ९५ च्या आसपास पूर्ण उघडतो आणि तेव्हा झडप मिटलेल्या जागेपासून निदान ८ मिलिमीटर उचललेली असते. या दोन टोकांच्या मध्ये तो सतत थोडा उघडत, थोडा मिटत असतो. चालू-बंद बटण समजून त्याचं निदान केलं की चुकतं.

वॉल दोन प्रकारे बिघडतो. उघडा अडकला तर इंजिन तापायला फार वेळ घेतं, मोठ्या रस्त्यावर काटा खाली घसरतो, गावात सिग्नलला थांबलं की परत वर येतो. हीटर कोमट. २०१३ नंतरच्या गाड्यांत ओबीडी सॉकेटला (डॅशबोर्डखालच्या तपासणीच्या जोडाला) स्कॅनर लावला तर बहुतेक वेळा पी०१२८ हा कोड दिसतो. कूलंट वॉलच्या ठरलेल्या तापमानापर्यंत पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ. बंद अडकला तर मामला गंभीर. पाच-दहा मिनिटांत काटा वर चढतो, वरचा होज (इंजिन आणि रेडिएटर जोडणारा रबरी पाइप) कडक होतो, कूलंटच्या टाकीत खळखळ ऐकू येते. ॲल्युमिनियमचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा इंजिनाचा भाग, अशा तापण्याने वाकायला वेळ लागत नाही, आणि हेड वाकलं की वॉलच्या किमतीच्या कित्येक पट खर्च येतो. काटा लाल भागाकडे निघाला की एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, गाडी कडेला, इंजिन बंद. रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. ०.९ बार दाबाच्या झाकणाखाली साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपासपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि ते सगळं एकदम वाफ होऊन तोंडावर येतं.

वॉल विकत आणण्याआधी तोच दोषी आहे का ते ठरवायला दहा मिनिटं द्या. सकाळी गार इंजिन चालू करायचं, बॉनेट उघडं ठेवायचं आणि दर मिनिटाला रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावून बघायचा. पंख्यापासून आणि पट्ट्यांपासून हात, ओढणी, बाही दूर. वॉल ठीक असेल तर होज बराच वेळ गार किंवा जेमतेम कोमट राहतो आणि काटा नेहमीच्या जागेजवळ आला की थोड्याच वेळात चांगला गरम होतो. चालू केल्याबरोबर हळूहळू कोमट होत जाणारा होज म्हणजे वॉल उघडा अडकलाय, किंवा आधीच्या कोणीतरी तो काढून ठेवलाय. जुन्या गाडीत ही दुसरी शक्यता धरूनच चाला. काटा अर्ध्याच्या वर गेला, इंजिनाजवळ होज तापला, पण रेडिएटर आणि खालचा होज गार, तर वॉल बंद अडकलाय किंवा पंप पाणी ढकलत नाही. इन्फ्रारेड तापमापक असेल तर वॉलच्या झाकणावर आणि होजवर मारून आकडेच बघता येतात. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो खोटं सांगतो. तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवून टेपवर मोजायचं.

वॉलवर नाहक आळ येतो असे प्रकारही आहेत. गाडी सिग्नलला तापते आणि चालू लागली की उतरते, तर पंखा, त्याचा रिले किंवा फ्यूज बघा. उलट थांबल्यावर ठीक आणि चढाला तापते, तर रेडिएटर आतून क्षाराने किंवा बाहेरून चिखल-किड्यांनी भरलाय. बोअरचं पाणी ओतत आलेल्या गाड्यांत हे नेमाने दिसतं. गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकायची जुनी ट्रकवाल्यांची युक्ती अजून चालते. ती हळद छिद्रात बसते तशीच रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते आणि वॉलच्या दांड्यावरही. आणि गार इंजिन चालू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक होत असेल, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून चालवल्यावर तोंडाशी एकसारखे बुडबुडे येत असतील, पाणी कुठे गळत नसतानाही कमी होत असेल, तर हेड गॅसकेटची, म्हणजे हेडखालच्या पॅकिंगची, शंका घ्यायची. तिथे वॉल बदलून काही होणार नाही.

सामान मोजकं आहे. वॉल, त्याचं पॅकिंग, वरच्या होजच्या दोन क्लिपा आणि कूलंट. आधीच्या वॉलवरचा आकडा किंवा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा, यापैकी मॅन्युअल प्रमाण मानायचं. "गरम होते ना, मग ७६ चा टाका" असंही काउंटरवर सुचवतात. कमी अंशाचा वॉल नुसता लवकर उघडतो. रेडिएटरची उष्णता टाकायची ताकद त्याने तसूभरही वाढत नाही, त्यामुळे तापणाऱ्या गाडीला फक्त थोडा उशीर मिळतो. पॅकिंग दोन तऱ्हेचं: वॉलच्या झाकणाच्या आकाराचं कागदी, किंवा वॉलच्या कडेवर चढणारी खाचेची रबरी रिंग. जुनं पॅकिंग परत वापरायचं नाही. होज दाबून पाहा. पिचपिचीत झाला असेल, क्लिपेजवळ फुगला असेल किंवा वाकवल्यावर भेगा दिसत असतील तर तोही आत्ताच बदलायचा, नाहीतर हेच कूलंट पुन्हा काढावं लागेल. रेडिएटरचं झाकणही बघून घ्या, त्याचं रबर कडक झालेलं असलं तर तेही जाऊ द्या. नवं घेताना दाबाचा आकडा जुन्याच्या बरोबरीचा हवा, वरचा नको.

कूलंटला रंगावरून ओळखू नका. हिरवा, लाल, गुलाबी हे कंपन्यांनी आपापल्या मर्जीने दिलेले रंग आहेत, त्यामागे एक ठरलेला नियम नाही. दोन जातींची मिसळ करण्यापेक्षा सगळं काढून एकच भरावं. तयार मिश्रण घेतलं तर पाणी घालायचं नाही. कॉन्सन्ट्रेट घेतलं तर डब्यावरच्या प्रमाणात, आणि तेही डिस्टिल्ड वॉटरमध्येच, म्हणजे बॅटरीसाठी मिळतं ते. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही, त्यामुळे जास्त दाट करण्यात फायदा नाही. ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मुख्य द्रव, वाढलं की मिश्रणाची उष्णता वाहायची क्षमता उलट कमी होते. आपल्याला त्यातली गंजरोधक रसायनं हवी असतात, आणि डब्यावर सांगितल्यापेक्षा पातळ केलं तर तीच अपुरी पडतात. आल्टोला चार लिटरचा डबा आणला की भरून टॉप-अपलाही उरतं.

हत्यारांत १० आणि १२ च्या गोट्या (सॉकेट), रॅचेट, एक्स्टेन्शन, पक्कड, सपाट स्क्रू ड्रायव्हर, पसरट टब, फनेल, लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी, चिंध्या आणि डब्ल्यूडी-४० सारखा फवारा. टॉर्क रेंच असेल तर फारच चांगलं.

नवा वॉल बसवण्याआधी स्वयंपाकघरात तपासून घ्या, कारण डब्यातून निघालेला नवा वॉलही मार खाल्लेला किंवा नकली असू शकतो. पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याने टांगलेला वॉल आणि तापमापक. दोन्ही तळाला टेकू द्यायचे नाहीत. तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो आणि आकडा फसवतो. एक छोटी चलाखी: दोरा वॉलच्या मिटलेल्या तोंडात धरून टांगायचा. तोंड उघडायला लागलं की दोरा सुटतो आणि वॉल खाली पडतो, त्या क्षणीचं तापमान वाचायचं. मंद आचेवर, पाणी ढवळत. ८२ च्या वॉलला एक-दोन अंश इकडेतिकडे चालतात. पातेलं नंतर स्वयंपाकाला वापरायचं नाही, हे घरातून ऐकून घ्यावं लागण्याआधीच ठरवून टाका.

यात गावाची उंचीही येते. पाणी मुंबईत १०० अंशांना उकळतं, पुण्या-नाशकात ९८ च्या आसपास आणि महाबळेश्वरात साडेपंचाण्णवच्या जवळ. त्यामुळे ८२ चा वॉल पुण्यात पूर्ण उघडलेला दिसेल, पण ८८ चा वॉल, ज्याला पुरतं उघडायला १०० लागतात, तो उकळत्या पाण्यातही थोडा अपुरा उघडलेला राहील. तो बाद नाही. पाणीच तितकं तापलेलं नाही.

आता गाडी. इंजिन पूर्ण गार हवं, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. आदल्या संध्याकाळी वॉलच्या झाकणाच्या बोल्टांच्या मुळाशी फवारा मारून ठेवा. तोंड थोडं चढावर येईल अशी गाडी लावली तर शेवटी हवा काढायला मदत होते. हँडब्रेक, चाकांना दगड, बॅटरीची निगेटिव्ह सुटी. काही गाड्यांत किल्ली बंद असतानाही पंखा सुरू होऊ शकतो, आणि तो सांगून येत नाही.

सगळं कूलंट काढायची गरज नसते. पातळी वॉलच्या खाली आली की पुरे, त्याला दोन लिटरच्या आसपास काढावं लागतं. पण कूलंट जुनं, गढूळ किंवा गंजलेलं असेल तर संधी साधून सगळंच काढावं. रेडिएटरच्या तळाची प्लास्टिकची चावी जुन्या गाडीत ठिसूळ झालेली असते, जोर लावला की तिचं डोकं हातात येतं. ती अडली तर खालचा होज सैल करून टबात सोडणं परवडतं. एकदम लोंढा येतो, टब आधीच लावलेला हवा. हे द्रव विषारी आहे आणि चवीला गोड. कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुवा, टब उघडा ठेवून चहाला जाऊ नका. जुनं कूलंट कॅनमध्ये भरून एखादं सर्व्हिस सेंटर घेत असेल तिथे द्यावं. गटारात किंवा झाडाच्या आळ्यात नको.

वरचा होज रेडिएटरवरून निघून इंजिनाकडे जिथे संपतो, तिथेच वॉलचं छोटं ॲल्युमिनियमचं झाकण आहे. जागा करायला एअर फिल्टरचा पाइप बाजूला घ्यावा लागला तर उघडं तोंड चिंधीने झाका. क्लिप स्प्रिंगची असेल तर पकडीने दोन कान दाबून मागे सरकवायची, स्क्रूची असेल तर सैल करायची. होज वर्षानुवर्षं चिकटलेला असतो. त्याला आधी दोन्ही बाजूंना पिळायचं, सुटला की ओढायचं. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटायचा मोह इथे नडतो: नळकांड्याच्या कडेला ओरखडा पडतो आणि पुढे तिथूनच थेंब सुटतात. होज बदलणारच असाल तर ब्लेडने लांबीत चिरा आणि सोलून काढा. ब्लेडची धार धातूला टेकू देऊ नका.

सगळ्या कामात धोक्याची जागा एकच, वॉलच्या झाकणाचे ते दोन बोल्ट. पोलादी बोल्ट, ॲल्युमिनियमचे आटे, आणि मधे झिरपलेलं पाणी: दोन धातूंमधली गंज पांढऱ्या पुडीसारखी साचते आणि बोल्टला पकडून ठेवते. डोकं १० चं असेल तर बोल्ट सहा मिलिमीटरचा, आणि तो पिळून तुटायला फार जोर लागत नाही. म्हणून लांब दांडा लावायचा नाही. सहा कोनांची गोटी घ्या, बारा कोनांची डोकं गोल करते. आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने, मग सैल. टक्कन आवाज येऊन सुटला तर छान. रबरासारखा पिळवटत असल्यासारखा वाटला तर थांबा: परत फवारा, डोक्यावर हातोडीच्या हलक्या टिचक्या, हीट गन असेल तर झाकणाला आच, आणि पाव आटा पुढे, पाव आटा मागे. पेट्रोल गाडीच्या इंजिनाजवळ, फवारा ओला असताना, उघडी ज्योत नको.

तरीही तुटला तर वाईट वाटून घेण्याआधी बघा, झाकण निघाल्यावर तुकडा किती बाहेर राहिलाय. पाच-सहा मिलिमीटर असेल तर ग्रिप पकडीने धरून, आच देऊन, फिरवता येतो. बरोबरीत तुटला असेल तर मध्यावर पंच मारून ड्रिल करायचं आणि एक्स्ट्रॅक्टर (तुटलेला बोल्ट फिरवून काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) घालायचा. यात हात बसलेला नसेल तर इथे थांबून लेथवाल्याला बोलवावं. एक्स्ट्रॅक्टर आत तुटला तर तो ड्रिललाही दाद देत नाही. आटे गेले असतील तर हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) टाकून मूळ मापाचाच बोल्ट बसतो. मोठा बोल्ट ठोकून बसवायचा जुगाड पुढच्या माणसाला शाप आहे.

झाकण निघालं की वॉल तिथेच खाचेत बसलेला दिसतो. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या: कोणती बाजू वर, हवेची पिन कुठे. नियम असा, की स्प्रिंग आणि मेणाची डबी इंजिनाकडे, कारण तापमान तिथलंच ओळखायचं असतं. उलटा बसवला तर मेण रेडिएटरच्या गार बाजूला राहतं, वॉल उघडत नाही आणि गाडी पहिल्याच फेरीत तापते. वॉलच्या थाळीवर एक छोटं छिद्र आणि त्यात लटकणारी पिन असते. ती अडकलेली हवा वर सोडते. वॉल उभा बसत असेल तर पिन सगळ्यात वर, घड्याळात बारा वाजतात त्या जागी. आडवा बसत असेल तर मॅन्युअलमधली खूण पाळा.

आता घाई करू नका. उघड्या तोंडात चिंधी कोंबा, म्हणजे खरवडलेला कचरा आत जाणार नाही, आणि जुन्या कागदी पॅकिंगचा प्रत्येक तुकडा पट्टीने काढा. लोखंडी खरवडणं वापरायचंच झालं तर आडवं, हलक्या हाताने. ॲल्युमिनियमला पडलेली एक चर म्हणजे कायमची झिरप. झाकणाच्या आतल्या कडेला गंजाचे खड्डे पडलेले असतील तर ते काचेवर ठेवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर आठच्या आकड्यासारखं घासून सपाट होतं; खड्डे नळकांड्यापर्यंत पोहोचले असतील तर नवं झाकण घ्या. वॉल बसतो ती खाचही साफ करा. खाचेत खार राहिला तर वॉल तळाशी टेकत नाही, थोडा वर उचललेला राहतो. मग बोल्ट आवळताना झाकण सपाट बसत नाही आणि त्याचा कान तडकतो. नवं काम लगेच गळतं, त्याला निम्म्या वेळा हेच कारण असतं. दुसरं कारण म्हणजे झाकण ठेवताना वॉल खाचेतून घसरणं. त्याला उपाय साधा: वॉल बसवून बोटाने फिरवून बघायचा, मग झाकण वरून सरळ ठेवायचं, आणि बोल्ट लावण्याआधी हाताने दाबून चारी बाजूंनी सारखं टेकलंय का पाहायचं.

कागदी पॅकिंगला दोन्ही बाजूंनी लिक्विड गॅसकेटचा अगदी पातळ हात पुरतो. पृष्ठभाग चांगला असेल तर कोरडंही चालतं. रबरी रिंगेला लिक्विड गॅसकेट मुळीच नको, ती घसरून बाहेर येते. कूलंटने ओली केली की पुरे. जास्तीचं सिलिकॉन आत पिळून निघतं, सुटतं आणि रेडिएटरच्या नळीत जाऊन बसतं. बोल्टचे आटे तारेच्या ब्रशने साफ करून, किंचित ग्रीस लावून, आधी हातानेच पूर्ण आत घालायचे. मग दोन्ही आळीपाळीने, थोडे थोडे. सहाच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर, आठच्याला २० च्या आसपास. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरायचा. टॉर्क रेंच नसेल तर रॅचेट डोक्याजवळ धरून, नुसत्या मनगटाच्या जोराने. होज पूर्ण आत सरकवून क्लिप नळकांड्याच्या उंचवट्याच्या पलीकडे बसवा, उंचवट्यावर नको.

भरणं हा कामाचा उत्तरार्ध, आणि पहिल्यांदा करणाऱ्यांची निम्मी कामं इथे फसतात. हीटर असेल तर त्याचा काटा पूर्ण गरमवर, म्हणजे काही गाड्यांत असलेली हीटरची झडपही उघडी राहते. रेडिएटरच्या तोंडातून फनेलने सावकाश भरा. एका दमात ओतलं तर वरच्या वाटेत हवा कोंडते. मधूनमधून वरचा होज हाताने दाबत राहा, बुडबुडे वर येतात आणि पातळी खाली जाते. तोंडापर्यंत भरलं की बॅटरी जोडून, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवूनच, इंजिन चालू करा. एसी बंद. दहा-पंधरा मिनिटांत वॉल उघडतो: पातळी एकदम खाली जाते, तोंडातून आत प्रवाह दिसायला लागतो, वरचा होज झपकन तापतो. त्या वेळी भरून घ्या आणि झाकण लावा. पातळी खाली न जाता वर फसफसून यायला लागली, तर बंद करा, गार होऊ द्या आणि परत सुरुवात करा.

हवा राहिली की काय होतं, ते समजून घेणं बरं. वॉलखाली हवेचा किंवा वाफेचा फुगा असेल तर मेणाला गरम पाणी लागत नाही. इंजिन तापलेलं, वॉल मिटलेला, काटा वर. मग एकदम उघडतो आणि काटा झरकन खाली. नव्या वॉलने गाडी तापली म्हणून लोक दुसरा वॉल आणतात, खरी गरज हवा काढायची असते. डॅशबोर्डमागे पाणी वाहल्यासारखा खळखळाट आणि हीटरमधून मधेच गार हवा, ही त्याची खूण. काही गाड्यांत वरच्या पाइपवर हवा काढायचा स्क्रू असतो. तो सैल करून भरायचं आणि अखंड धार आली की बंद करायचा.

झाकण लावल्यावर पंखा दोनदा चालू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा आणि सगळे जोड टॉर्चने पाहा. बाजूची टाकी दोन रेघांच्या मध्ये. जवळपास दहा-बारा किलोमीटरची फेरी मारा, काट्यावर नजर ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना झाकण उघडून पाहा: रेडिएटर काठोकाठ नसेल तर भरा. थोडं कमी झालेलं असणारच, कोंडलेली हवा निघालेली असते. टाकीतलं पाणी रात्री रेडिएटरने ओढून घेतलं नसेल आणि रेडिएटर अर्धवट रिकामा असेल, तर झाकणाचं रबर किंवा टाकीची बारीक नळी तपासा. हवा तिथून शिरते.

इतर गाड्यांवर हे काम काढताना आधी वॉल कुठे आहे ते शोधा. होंडा, टोयोटाच्या बऱ्याच इंजिनांत तो इंजिनात शिरणाऱ्या पाण्यावर, म्हणजे खालच्या होजच्या टोकाला असतो. तिथे वरच्या होजला हात लावायची परीक्षा लागू होत नाही, आणि बहुतेक सगळं कूलंट काढावं लागतं. १.३ मल्टिजेट डिझेलमध्ये वॉल हाउसिंगसकट एकच भाग म्हणून येतो, नुसता वॉल मिळत नाही. एकलिटरी टीएसआय इंजिनांत पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट मिळून एक प्लास्टिकचं मॉड्यूल आहे, कॅमशाफ्टवरून छोट्या पट्ट्याने चालणारं. ते घरच्या पार्किंगमधलं काम नाही, असं मी तरी मानतो. दाबाची पारदर्शक टाकी असलेल्या गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं, भरणं आणि हवा काढणं सगळं त्या टाकीतून.

आठवड्याभराने क्लिपा एकदा परत आवळा, स्क्रूच्या असतील तर. नवा रबरी होज तापून-निवून थोडा बसतो. वॉलच्या झाकणाच्या जोडावर हिरवट किंवा गुलाबी सुकलेला डाग दिसला तर ती झिरप आहे. बोल्ट आणखी पिळून ती थांबत नाही, पॅकिंगच परत घालावं लागतं. आणि तपासलेला, बरोबर बसवलेला वॉल असूनही काटा खालीच राहत असेल, तर वॉलला सोडा आणि तापमानाच्या सेन्सरकडे वळा. वॉलच्या झाकणावरच्या काळ्या टेपवर तापमापक ८५-९० दाखवतोय आणि स्कॅनरवर ईसीयू ६५ वाचतोय, तर सेन्सर किंवा त्याचा गंजलेला कनेक्टर खोटं बोलतोय.